बगळ्याची अडणी

जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या त्या घरात दोन मजले होते, दोन स्वयंपाकघरे होती आणि दोन्हींमधून जाणारा हीटिंगचा पाइप एकच होता. वरच्या मजल्यावर घरमालकीण फ्राऊ रोटमान एकट्या राहत. खाली आई, बाबा आणि मी. फ्राऊ रोटमान यांच्याकडे फोन होता, पण आम्हाला बोलवायला त्यांनी तो कधी वापरला नाही. त्या चमच्याने पाइपवर ठोकत. दोन ठोके म्हणजे मेघाला, म्हणजे मला, वर पाठवा. तीन ठोके म्हणजे केक झाला आहे. चार ठोके एकदाच पडले. तेव्हा आमच्या बाल्कनीत वाळत घातलेला बाबांचा पंचा वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या सफरचंदाच्या झाडावर जाऊन बसला होता. ठोकायचा चमचा चांदीचा आहे, हे आईने तो पाहण्याआधीच नुसत्या आवाजावरून ओळखले होते. मला ते तेव्हा पटले नव्हते.

केक खाली आला की आई ताटली धुऊन, पुसून, तिच्यात काहीतरी घालून वर पाठवायची. कधी चिवडा, कधी नारळाच्या वड्या, घाईत असली तर नुसती चार केळी. रिकामे भांडे परत द्यायचे नाही, हा तिचा नियम होता आणि तो पुण्याहून विमानाने आमच्याबरोबर आला होता. जर्मनीत भांडे धुऊन परत दिले की व्यवहार संपतो; आईच्या हिशेबी तो तिथे सुरू व्हायचा. चिवडा संपल्यावर फ्राऊ रोटमान आमचा डबा परत करायला येत. आईचा नियम कळल्यावर त्यांनाही तो रिकामा आणणे जड वाटू लागले आणि त्यात लाल कोबी येऊ लागला. बाबा सॉफ्टवेअरवाले. ते याला लूप म्हणत. बाहेर पडायची अट लिहायची राहून गेली आहे, एवढेच.

दोन मजल्यांमधली दुभाषी मी. आईचे जर्मन भाजीबाजारापुरते होते, आणि फ्राऊ रोटमान यांचे इंग्रजी तरुणपणी आयर्लंडमध्ये शिकलेले, पुष्कळसे विसरलेले. सुरुवातीला मी वाक्ये कापत असे. आई म्हणाली, "त्यांना सांग, केक छान आहे पण साखर फार होते हो, घशाला बसते." मी जर्मनमध्ये सांगितले, "आईला केक आवडला."

फ्राऊ रोटमान यांनी चष्म्यावरून पाहिले. "ती एवढा वेळ बोलली आणि तू तीन शब्दांत संपवलंस. आल्झो, तर मग, पूर्ण सांग. गोड करून नको."

मी पूर्ण सांगितले. पुढच्या केकमध्ये साखर कमी होती. ही सूचना मी नंतर बातमीदाराच्या नोकरीत वर्षानुवर्षे पाळली आणि तिचा पगार घेतला.

एका शरद ऋतूतल्या दुपारी दोन ठोके पडले. वर गेले तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले आणि त्यावर चांदीची भांडी मांडलेली. सहा चमचे, एक साखरेचे भांडे, आणि एक वस्तू, जिचे नाव मला कुठल्याच भाषेत सांगता येईना. वीतभर व्यासाचे, चार बोटे उंचीचे कडे. मधे थोडे आत गेलेले, वर-खाली पसरट, डमरूसारखे. भोवती जाळी, तिच्यात वेली, द्राक्षांचे घोस, फांद्यांवर पक्षी. तळही नाही आणि झाकणही नाही. जाळीच्या मधोमध बदामाएवढी सपाट जागा राखलेली आणि तिच्यात चोचीत मासा धरलेला बगळा कोरलेला. बगळ्याखाली फितीवर लॅटिन शब्द. फ्राऊ रोटमान यांनी अर्थ सांगितला: धरलेले सोडत नाही.

त्यांनी ओळखायला सांगितले. मी मुकुट म्हणाले. त्यांनी मान हलवली. मी फुलदाणी म्हणाले. "तळाशिवाय?" असे त्यांनी विचारले. तेवढ्यात आई, मी वर फार वेळ का थांबले म्हणून, हात पुसत आली. तिने कडे पाहिले आणि सरळ मराठीत म्हणाली, "अगं, ही तर अडणी."

देवघरात शंख ज्या छोट्या बैठकीवर ठेवतात ती अडणी. गोल बुडाचे भांडे कलंडू नये आणि गरम भांड्याने लाकूड जळू नये म्हणूनही ती लागते. हे सगळे मी जर्मनमध्ये सांगितले. फ्राऊ रोटमान हातातले फडके ठेवून आईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी तेच." या घरात चाळीसएक वर्षांत आलेल्या कुठल्याच पाहुण्याला ते ओळखता आले नव्हते. आयर्लंडमध्ये जुन्या काळी याच्यावर उकडलेल्या बटाट्यांचा गरम वाडगा ठेवत. ज्यांना ते ठाऊक नाही ते त्यात संत्री रचतात.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला हकीकत सांगितली. एकोणीस वर्षांच्या असताना त्या आयर्लंडमधल्या एका मोठ्या घराण्याच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला होत्या. दोन हिवाळे. छत गळायचे, कुत्री सोफ्यावर झोपायची आणि जेवणाच्या प्रत्येक भांड्यावर हा बगळा. घराची मालकीण मिस ऑड्री म्हातारी होती. वाडा बंद करायची वेळ आली तेव्हा तिने हे कडे स्वयंपाकघरातल्या पुसण्याच्या फडक्यात गुंडाळून फ्राऊ रोटमान यांच्या हातात दिले. "तू घेऊन जा," ती म्हणाली. "हे घरचे लोक त्यात संत्री ठेवतील." चमचे आणि साखरेचे भांडे नंतर जर्मनीत विकत घेतलेले, साधे. कडे मात्र दिलेले. फ्राऊ रोटमान 'दिलेले' हा शब्द जरा जोर देऊन म्हणाल्या.

आई बगळा निरखत होती. "हे त्या घराचं नाव घातलंय का?"

"हो. नावच समज."

"मग सरळ नाव का नाही लिहिलं? पक्षी काढून काय कळणार?"

"सगळ्यांना कळायचं," फ्राऊ रोटमान म्हणाल्या. "त्या भागात बगळा म्हटला की ते घराणं."

"मला कुठे कळलं?" आई म्हणाली. मी तेही पूर्ण सांगितले.

मग आईने कडे उलटे करून शिक्के पाहिले. चांदी घेताना शिक्का बघायचा, एवढे तिला माहेरी शिकवले होते. तिथे तांदळाएवढे छाप होते: मुकुट घातलेली एक वीणा आणि वीणेवर हात टेकून बसलेली एक बाई. ते डब्लिनचे जुने सरकारी छाप आहेत, हे मी नंतर वाचले. आईला वाचायची गरज पडली नाही. "सरस्वती," ती म्हणाली आणि कडे डोळ्यांना लावून खाली ठेवले.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी फ्राऊ रोटमान गुडघ्यासाठी तीन आठवडे कूरला गेल्या. कूर म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली, विमा कंपनीच्या खर्चाने होणारी विश्रांती. जाताना त्यांनी कडे खाली आणून दिले. आमच्या मंडळाचा गणपती गावातल्या हॉलमध्ये बसायचा आणि मागच्या वर्षी कलश मांडताना तांब्या दोनदा कलंडलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. "तुमच्या हत्तीसाठी," त्या म्हणाल्या.

आता मंडळाच्या भांड्यांविषयी सांगणे भाग आहे. दीडशे माणसांचा महाप्रसाद घरोघरी शिजून यायचा आणि परत जाताना भांडी बदलायची. आईचे जाड बुडाचे पातेले एकदा चुकून म्युनिकला गेले आणि चार महिन्यांनी, कानाला पोचा येऊन, घरी आले. तेव्हापासून प्रत्येकाने आपापला इलाज शोधला. कोणी बुडाला नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे, कोणी स्टिकर लावायचे. बाबांना हे दोन्ही इलाज कच्चे वाटत. पुण्यात भांड्यांच्या दुकानात दुकानदार छोट्या मशीनने नाव घालून देतो, तेच खरे, असे म्हणून त्यांनी बाउमार्क्टमधून, म्हणजे सुतारकामाच्या मोठ्या दुकानातून, पेनासारखे एक कोरायचे मशीन आणले. भुंग्यासारखा आवाज करणारे. आमचे प्रत्येक वाटी-पातेले त्याखालून गेले. मग मंडळातल्या लोकांची पातेलीही शनिवारी आमच्याकडे नाव घालायला येऊ लागली.

हॉलला निघायच्या आदल्या शनिवारी आई म्हणाली, "अहो, रोटमानबाईंची अडणी राहिली. दुसऱ्याची वस्तू आहे. आपली हरवली तर चालेल, ती हरवता कामा नये."

बाबांनी कडे हातात घेतले. दुपारचे दोन वाजले होते. एक ते तीन घरात रुहेत्साइट, शांततेची वेळ. तेव्हा मशीन चालवायचे नाही, हे भाडेकरारात लिहिलेले. फ्राऊ रोटमान शंभर किलोमीटरवर होत्या, तरी बाबा नियम पाळून तीनपर्यंत थांबले. मग खालच्या कडेला, आतल्या बाजूने, कोणाला दिसू नये अशा जागी त्यांनी अक्षरे घालायला घेतली.

"सौ. लिहू?" त्यांनी विचारले.

"त्यांचे यजमान गेलेत. श्रीमती लिहा. आणि मजला लिहा, दोन्ही मजल्यांना बेल एकच आहे."

कडे गोल असल्यामुळे शिरोरेषा सरळ येईना. चौथ्या अक्षरानंतर ती चढणीला लागली. तरी बाबांनी ते पूर्ण केले: श्रीमती हेल्गा रोटमान, वरचा मजला. मी शेजारी बसून सफरचंद खात होते. तिघांपैकी कोणालाही यात काही वावगे वाटले नाही, ही नोंद इथे करून ठेवते. आमच्या दृष्टीने एखाद्याच्या भांड्यावर त्याचेच नाव घालणे ही चूक असूच शकत नव्हती.

कडे गणपतीला गेले, तांब्या पाच दिवस सरळ उभा राहिला, कडे परत आले. तळ नसलेले भांडे रिकामे कसे द्यायचे नाही, हा प्रश्न आईपुढे होता. तिने त्याच्यावर शिऱ्याची वाटी ठेवली. फ्राऊ रोटमान यांनी शिरा खाल्ला आणि कडे कपाटात ठेवले. उलटे करून पाहिले नाही.

नोव्हेंबरात पत्र आले. दोन ठोके पडले, मी वर गेले, तर त्या खिडकीशी उभ्या होत्या. पत्र आयर्लंडमधून होते, मिस ऑड्रीच्या पुतण्याच्या मुलाचे. वाडा दुरुस्त करून लोकांना पाहायला खुला करायचा होता आणि घराण्याची विखुरलेली चांदी पुन्हा गोळा करण्याचे काम चालू होते. त्यांच्या यादीत एक कडे 'बेपत्ता' होते. जुन्या नोकरांपैकी कोणीतरी फ्राऊ रोटमान यांचे नाव सांगितले होते. वस्तू त्या काळच्या गडबडीत नजरचुकीने त्यांच्या सामानात गेली असावी, असे पत्रात फार सभ्य शब्दांत लिहिले होते.

"नजरचुकीने," फ्राऊ रोटमान म्हणाल्या. "म्हणजे काय, तुला कळतं ना?"

मला कळत होते. देतानाची चिठ्ठी नव्हती, साक्षीदार नव्हता. मिस ऑड्री आता नव्हती.

"शनिवारी तो येतोय. तू इथे बसायचंस. काय बोललं गेलं ते नीट ऐकणारं कोणीतरी मला हवंय." मग त्या कपाटाकडे वळल्या. "एक बरं आहे. मी ते जसं घेतलं तसं ठेवलंय. दोनशे वर्षांचं आहे आणि माझ्या हातून त्यावर एक ओरखडा पडलेला नाही. चोर असं सांभाळत नाही."

मी खाली आले आणि आईबाबांना सांगितले, पूर्ण, गोड न करता.

बाबा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मशीनला पॉलिशचं टोक लावता येतं. दहा मिनिटांचं काम आहे. मेघा, तू फक्त ते खाली आण."

"तेव्हा न विचारता घातलं, आता न सांगता काढणार?" आई म्हणाली. "अहो, उठा. वर चला."

"सांगणार काय पण?"

"नाव घातलं म्हणून सांगायचं. चोरी नाही केली आपण."

"आई, वर तो शब्द नको," मी म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघे वर गेलो. आईच्या हातात बेसनाचे लाडू होते. बाबा इंग्रजीत सुरू झाले, मधेच थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. मग मीच सांगितले: बाबांनी तुमच्या कड्यावर तुमचे नाव मशीनने कोरले आहे, खोल कोरले आहे, पुसले जाऊ नये याची त्यांनी काळजी घेतली आहे. फ्राऊ रोटमान यांनी कडे काढले, उलटे केले, दुसरा चष्मा शोधला. काय लिहिले आहे, असे विचारले. मी वाचून दाखवले.

"पत्ता कशाला?"

"हरवलं तर परत यावं म्हणून," बाबा म्हणाले.

त्यांनी कडे कपाटात परत ठेवले. मग "डांके", म्हणजे आभार, म्हणाल्या, लाडू घेतले आणि दार लावले. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. खाली आई जेवली नाही. बाबा लॅपटॉप उघडून बसले. मी मागून पाहिले तर भाड्याच्या वोनुंगच्या, म्हणजे घरांच्या, जाहिराती होत्या.

शनिवारी एक वाजता दोन ठोके.

पाहुणा उंच, सडपातळ, पन्नाशीचा होता. नाव डेस्मंड. जिन्यात आमच्या चपलांची रांग पाहून त्याने न सांगता बूट काढले होते आणि त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते. बगळ्याचे घराणे मी वेगळे कल्पिले होते. फ्राऊ रोटमान यांनी टेबल मांडले होते. मधोमध कडे, त्याच्यावर सालासकट उकडलेल्या बटाट्यांचा वाफाळता वाडगा, शेजारी क्वार्क, म्हणजे आपल्या चक्क्यासारखे दही. डेस्मंड वाडग्याकडे बघत राहिला.

"हे असं वापरतात?"

"मग कसं?"

"आमच्याकडे दुसरं एक आहे. त्यात आम्ही संत्री ठेवतो."

फ्राऊ रोटमान यांनी माझ्याकडे पाहिले. "गेनाऊ," त्या म्हणाल्या आणि त्याला दोन बटाटे वाढले.

जेवण होईपर्यंत त्यांनी त्याला कड्याला हात लावू दिला नाही. तो चांगला माणूस होता; बटाटे मनापासून खाल्ले. मग चाकूकाटा नीट ठेवून त्याने विचारले, "मिस ऑड्रीने दिलं, असं काही लिहिलेलं आहे का? एखादी चिठ्ठी?"

"मिस ऑड्री स्वयंपाकघराला चिठ्ठ्या लिहीत नसे," फ्राऊ रोटमान म्हणाल्या. "येऊन सांगायची."

वाडगा बाजूला करून त्याने कडे घेतले, खिशातून भिंग काढले आणि उलटे केले. वीणा पाहिली, बाई पाहिली. मग भिंग एका जागी थांबले आणि तो ताठ बसला.

"हे संस्कृत आहे?"

तो आपल्याशीच बोलू लागला. त्याच्या पणजोबांचा भाऊ मद्रासच्या पलटणीत होता. घरात वाघाचे एक कातडेही होते. एखाद्या राजाने नजराणा म्हणून यावर काही कोरवून घेतले असेल, तर ही गोष्ट घराण्यात कोणालाच माहीत नव्हती. अक्षरांचे वळण ओबडधोबड आहे, म्हणजे जुने असणार.

फ्राऊ रोटमान यांनी हाताची घडी घातली. "मेघा, वाच. पूर्ण. गोड करून नको."

मी मराठीत वाचले. मग इंग्रजीत सांगितले, "मिसेस हेल्गा रोटमान, वरचा मजला."

"वरचा मजला," डेस्मंड म्हणाला. "कुठला?"

"हा," असे म्हणून फ्राऊ रोटमान यांनी पायाने जमिनीवर टक्टक् केले. खाली आई घाबरली असणार.

"आणि हे कोरलं कोणी?"

"माझ्या बाबांनी," मी म्हणाले. "गणपतीच्या आधी. हरवू नये म्हणून."

त्याने कडे खाली ठेवले. भिंग मिटले. त्याचे खांदे आधी हलले आणि मग तो हसायला लागला. बराच वेळ हसला, डोळे पुसले, पुन्हा कडे उलटे करून पाहिले आणि पुन्हा हसला. "काचेच्या कपाटात मी हे कसं ठेवू?" तो म्हणाला. "लोक विचारतील, वरचा मजला कुठे आहे." मग जरा सावरून, फ्राऊ रोटमान यांच्याकडे बघून म्हणाला, "आमच्या यादीत एकोणतीस वस्तू आहेत. मालकाचं नाव असलेली ही पहिलीच. बाकीच्यांवर नुसता पक्षी आहे."

त्याने पिशवीतून यादी काढली आणि 'बेपत्ता' हा शब्द खोडून 'सापडले' असे लिहायला घेतले.

"नाही," फ्राऊ रोटमान म्हणाल्या. "हरवलंच नव्हतं."

पेन थांबले. त्या त्याच्याकडे बघत होत्या, तो कड्याकडे बघत होता, आणि ते आठ-दहा सेकंद मला अजून मोजता येतात. मग त्याने लिहिले. फ्राऊ रोटमान यांनी मला ते वाचायला सांगितले. मी वाचले: "मिस ऑड्रीने दिले. हेल्गा, स्वयंपाकघर." त्यांनी यादी हातात घेऊन स्वतः एकदा पाहिली, मग उठल्या आणि त्याला केक वाढला.

तो गेल्यावर मी जायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबांना सांग, अक्षर काही बरं नाही." मी ते पूर्ण सांगितले. बाबांनी लॅपटॉप मिटला.

पुढे तीन-चार वर्षांनी त्यांचा गुडघा जिने चढू देईना आणि त्या फ्रायबुर्गला मुलीकडे जायला निघाल्या. जाण्याआधी त्यांनी बाबांचे मशीन मागून नेले, किल्ल्यांवर नंबर घालायचे म्हणून. मला एका कागदावर आईचे नाव आणि मजला मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला सांगितले. पार्सलवर चिकटवायचे असेल, असे मी धरून चालले. कोणाच्या पार्सलवर जर्मनीत मराठीत पत्ता असतो, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. बातमीदार म्हणून ही माझी पहिली चूक. सामानाचा ट्रक गेल्यावर आमच्या दारात कडे होते आणि त्याच्यावर सफरचंदाच्या मुरंब्याची वाटी. आईने आधी वाटी रिकामी केली, कारण ती परत पाठवायची होती. मग कडे उलटे केले.

ते आता म्युनिकला माझ्या टेबलावर असते. आमच्याकडे त्याच्यावर भाताचे पातेले येते आणि माझी मुलगी जर्मनमध्ये विचारते की हा पक्षी मासा गिळत का नाही. मी कधीकधी ते उलटे करून बघते. बाबांच्या ओळीखाली दुसरी ओळ आहे, तिची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली, जशी चित्र म्हणून उतरवणाऱ्या हाताची तुटेल: सौ. सुनंदा पेंडसे, खालचा मजला. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. कडेला अजून जागा आहे.